मनसर ते मोहगाव: टोल भरून वापरलेल्या रस्त्याचा अभिप्राय

माझी धाकटी बहीण १९९८ साली सिवनीला दिली. तेव्हापासून नागपूर ते सिवनी हा साधारण सव्वाशे किलोमीटरचा प्रवास मी वर्षातून सहा-सात वेळा तरी करतो. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. त्यातला मनसर, देवलापार, खवासा, कुरई आणि मोहगाव हा तुकडा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून आणि पेंचला मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्र प्रकल्पाशी जोडणाऱ्या, वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गातून जातो. टोल भरून आपण जी सेवा घेतो, ती भोजनालयातल्या थाळीइतकीच पारखून घ्यावी, असे माझे मत आहे. शिवाय या तुकड्याचे ग्राहक दोन प्रकारचे आहेत: एक आम्ही, वरून गाडीने जाणारे, आणि दुसरे रस्त्याच्या पुलांखालून चालत जाणारे वन्यप्राणी. त्या दुसऱ्यांकडून टोल घेता येत नाही आणि त्यांचा अभिप्राय कॅमेऱ्याने टिपून घ्यावा लागतो. हा मजकूर दोघांच्याही सोयी-गैरसोयींविषयी आहे.

जुना रस्ता ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आजच्या रस्त्याची किंमत कळणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसाठी दोनच मार्गिका होत्या आणि पावसाळ्यानंतर त्यांतली एक खड्ड्यांच्या मालकीची होत असे. आईने बहिणीसाठी दिलेली लोणच्याची बरणी देवलापारच्या अलीकडे फुटून गाडीला महिनाभर मोहरीचा वास येत होता, हे आमच्या घरात अजून सांगितले जाते. रस्त्याच्या दुरवस्थेची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. चौपदरीकरण अडले होते, कारण जंगल दोन्ही बाजूंना होते. प्राण्यांच्या वाटेसाठी भारतीय वन्यजीव संस्थेने सुचवलेली पुलांची लांबी आणि महामार्ग प्राधिकरणाची तयारी असलेली लांबी यांत मोठे अंतर होते आणि ते मिटवण्यात वर्षे गेली. त्या वर्षांत मीसुद्धा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, वन्यजीवप्रेमींना गाडीत बसून शिव्या घातलेल्या आहेत. आज त्यांच्याच हट्टामुळे उभ्या राहिलेल्या पुलांवरून जातो, तेव्हा ते आठवून थोडे अवघडल्यासारखे होते.

भ्रमणमार्ग हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर झाडांचा एक अखंड हिरवा बोळ उभा राहतो. प्रत्यक्षात पेंच आणि कान्हा यांच्यामधली जागा सिवनी, बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत विखुरलेली आहे. तिच्यात राखीव जंगल आहे, नाल्याकाठची झाडी आहे, मोहाची झाडे असलेली शेते आहेत, गुरे चारायची पडीक जमीन आहे, आणि कुठेकुठे हा पट्टा इतका अरुंद होतो, की एका बाजूच्या गावातले कुत्रे भुंकले तर दुसऱ्या बाजूच्या गावात ऐकू यावे. वाघाचा बच्चा दोन वर्षांच्या आसपास आईपासून सुटा होतो आणि स्वतःचा प्रदेश शोधायला निघतो. विशेषतः नर लांब जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला आणि २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणाची हद्द ओलांडून, शेते, नाले आणि रस्ते पार करत सुमारे ३,००० किलोमीटर फिरला आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला वाटेत मिळालेले जंगल तुकड्यातुकड्यांचेच होते. एखादा तुकडा मधूनच बंद झाला, तर पुढे जाऊ पाहणारा प्राणी एक तर मागे फिरतो, नाही तर गावात शिरतो. मागे फिरलेल्यांची संख्या वाढली, की त्या जंगलातले वाघ पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढत राहतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते, चार वर्षांपूर्वी ३१२ होते. वाढलेल्यांना जायला वाट हवी, एवढाच या सगळ्याचा व्यवहार आहे.

आता सेवेकडे वळतो. महाराष्ट्राच्या बाजूला, पेंचमधून जाणाऱ्या सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात, प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ बांधकामे आहेत. त्यांतली काही भुयारी मार्ग म्हणून बांधलेली आहेत आणि काही लहान पूल आहेत. सर्वांत आखूड ५० मीटरचे आहे, तर सर्वांत लांब ७५० मीटरचे. वरून गाडी चालवणाऱ्याला यातले फारसे काही कळत नाही. रस्ता हलकेच उंचावतो, झाडांचे शेंडे आपल्या खिडकीच्या उंचीला येतात आणि एखाद-दोन मिनिटांनी पुन्हा खाली जातात. पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या भाचीने विचारले, की इथे नदी नाही, मग पूल कशाला. तिला उत्तर देताना मला जाणवले, की ही बहुधा मी वापरलेली पहिलीच सार्वजनिक सोय असावी, जी माझ्यासाठी नसून तिचे पैसे मात्र मी देतो, आणि त्याबद्दल मला काही तक्रार नाही.

मात्र खालची बाजू पाहिल्याशिवाय अभिप्राय देणे म्हणजे स्वयंपाकघर न पाहता खानावळीला शाबासकी देण्यासारखे झाले असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्वयंसेवक म्हणून पेंचमध्ये काम करण्याची संधी मिळाली, तेव्हा एका वनरक्षकासोबत, रीतसर परवानगीने, अशा एका पुलाखालून सकाळी चालत जाता आले. कुणीही उठून खाली उतरू नये, ते जंगल आहे आणि उतरणे बेकायदा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खाली पहिली गोष्ट जाणवते ती प्रकाशाची. येण्याच्या आणि जाण्याच्या मार्गिकांमध्ये फट सोडलेली आहे, त्यामुळे पुलाखाली बोगद्यासारखा अंधार नसून मधोमध उन्हाचा एक लांबट पट्टा पडलेला असतो आणि त्या पट्ट्यात गवत उगवलेले दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. वरून ट्रक जाताना त्याच्या इंजिनाचा आवाज फारसा येत नाही. येतो तो पुलाच्या सांध्यावरून चाके जातानाचा, दाराची कडी कुणी दोनदा वाजवावी तसा, खट्‌-खट्‌, आणि मग पुन्हा शांतता. खांबांच्या माथ्याशी पाकोळ्यांची मातीची घरटी होती. नाल्याच्या कोरड्या वाळूत चितळांच्या खुरांचे इतके ठसे होते, की एक वेगळा काढून दाखवणे कठीण होते. एका खांबापाशी रानडुकरांनी जमीन नांगरल्यासारखी उकरली होती. पुढे साळिंदराचा एक काटा पडलेला होता, काळा-पांढरा, लिहायच्या टाकाएवढा.

वनरक्षक वयाने माझ्याहून बराच लहान होता आणि मला दादा म्हणत होता. “पहिले इथं चितळं यायलेच तयार नव्हते, दादा,” तो म्हणाला, “काठावर उभं राहून वर पाहायचे अन् फिरून जायचे. आता पहा, रोजचाच रस्ता होऊन गेला त्यांचा.” मग त्याने काठीने वाळूत एका ठिकाणी गोल काढला. वाघाचा ठसा होता, दोन-तीन दिवसांपूर्वीचा असावा, कडा ढासळलेल्या. आणि त्या ठशाच्या बरोबर मध्यावर शेळीचे खूर उमटलेले होते. त्याने त्यावर काही भाष्य केले नाही. पुढची दहा मिनिटे तो वरून पडलेल्या वस्तू पोत्यात भरत होता: पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटे, एक तुटकी चप्पल आणि पोह्यांचा अर्धा डबा. वरच्या ग्राहकांचा खालच्या ग्राहकांशी एवढाच संबंध येतो, असे म्हणायचे.

कॅमेऱ्याचा अभिप्राय मात्र चांगला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात या नऊ बांधकामांखाली कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावून नोंदी घेतल्या. त्यांत १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली, सर्वाधिक चितळांची. अकरा वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा या वाटा वापरल्या, म्हणजे महिन्याला सरासरी नऊ वेळा. रस्ता वाहतुकीला पूर्ण खुला होऊन फार काळ लोटलेला नसताना प्राण्यांनी इतक्या लवकर वाट स्वीकारावी, हे मला तरी अपेक्षित नव्हते. बांधकामे फुकट गेली, असे म्हणणाऱ्यांचे तोंड एवढ्याने बंद व्हायला हरकत नाही.

तरीही ही नोंद वाचताना थोडे सावध राहावे लागते. तिच्यातून ये-जा कळते, पण स्थलांतर झाले की नाही ते कळत नाही. पेंचमध्येच राहणारा वाघ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपला प्रदेश राखून असेल, तर तो महिन्यातून चार वेळा त्याच पुलाखालून जाईल आणि चारही वेळा मोजला जाईल. तो कान्हाकडे निघालेला नसतो, आपल्या अंगणातून परसात निघालेला असतो. भ्रमणमार्गाची खरी परीक्षा त्या प्राण्याची आहे, जो एकदाच येतो, अनोळखी असतो, बिचकलेला असतो, आणि पुलाखालून पलीकडे गेल्यावर त्याला पुढचे पन्नास-साठ किलोमीटर कुणाच्या तरी शेतातून, कुंपणावरून, वस्तीला वळसा घालून काढायचे असतात. पुलाने त्याला रस्ता ओलांडून दिला, यापुढची जबाबदारी पुलाची नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच सुरू होतो.

त्याआधी मध्य प्रदेशाच्या बाजूविषयी. खवासा ओलांडल्यावर मोहगावपर्यंतच्या २९ किलोमीटरांत १४ भुयारी मार्ग आहेत आणि उंचावलेल्या भागांच्या कडेला चार मीटर उंचीचे पोलादी पत्रे लावलेले आहेत. वाहनांचा प्रकाश आणि आवाज जंगलात जाऊ नये, हा त्यांचा हेतू आहे. प्रवासी म्हणून ते कंटाळवाणे आहेत, यात शंका नाही. कुरईच्या घाटातले साग आणि पावसाळ्यातले ढग पाहण्याची सवय असलेल्या माझ्या बहिणीला या पत्र्यांचा मनस्वी राग आहे. मी तिला एवढेच म्हटले, की आपल्याला जंगल दिसत नाही याचा अर्थ जंगलालाही आपण दिसत नाही. त्यावर तिने जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही. परंतु माझ्या मते या साऱ्या रस्त्यावरचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग हाच आहे.

आता तक्रारी. बांधकामांच्या मधल्या भागात रस्ता पुन्हा जमिनीला टेकतो आणि तिथे कोल्हा, उदमांजर, साप, माकड यांना कुणी पाट्या वाचून पुलाकडे वळवत नाही. गेल्या हिवाळ्यात पहाटे परतताना अशाच एका ठिकाणी धडक बसलेला कोल्हा कडेला पडलेला दिसला, त्याचे पोट अजून हलत होते. संबंधित मदत क्रमांकावर फोन केला. तिथून दुसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्या क्रमांकावरच्या गृहस्थांनी किलोमीटरचा दगड विचारला आणि तो ऐकल्यावर ती जागा त्यांच्या हद्दीत येत नसल्याचे सांगितले. कुणाच्या हद्दीत येते, हे त्यांना सांगता आले नाही. वीस मिनिटांनी फोनची गरज उरली नाही. एवढ्या खर्चाच्या रस्त्यावर जखमी प्राण्यासाठी एकच क्रमांक असावा आणि त्याला हद्द नसावी, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

दुसरी तक्रार उजेडाची. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे इथला अंधार राखण्याजोगा आहे, असे आता अधिकृतपणे ठरले. त्याच जंगलाच्या सीमेपासून जवळच्या एका ढाब्यावर (नाव देत नाही) मागच्या अंगणात चार मोठे दिवे जंगलाकडे तोंड करून लावलेले आहेत. त्यांच्या शेवभाजीला नाव ठेवता येणार नाही. पण उरलेले अन्न मागच्या नाल्यात टाकतात आणि ते खायला रानडुकरे येतात, हे ढाब्याचा मुलगाच गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवतो. रानडुकराच्या मागे आज ना उद्या बिबट्या येणार. तो आला, की वर्तमानपत्रात ‘मानवी वस्तीत बिबट्याचा शिरकाव’ असे छापून येईल.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुलांच्या दोन्ही तोंडांशी आणि त्यापुढच्या पट्ट्यात जमिनी झपाट्याने रूप बदलत आहेत. परवा-परवापर्यंत जिथे तुरीचे शेत होते, तिथे भिंत, लोखंडी फाटक आणि आत हिरवळ दिसते. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामांसाठी वळवायची, तर त्यात सार्वजनिक हित असावे लागते आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला घेऊन राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता मिळवावी लागते. प्राधिकरणाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने २०१४ साली देशातले ३२ प्रमुख भ्रमणमार्ग नकाशावर आणले. मोठा रस्ता, रेल्वे किंवा खाण आली, की हे सगळे कागद बाहेर निघतात, सुनावण्या होतात आणि त्यातूनच असे पूल उभे राहतात. अर्धा एकराची भिंत मात्र कुठल्याच सुनावणीला येत नाही. अशा वीस भिंती एका ओळीत आल्या, तर ७५० मीटरच्या पुलाचे दार उघडे आणि अंगण बंद, अशी स्थिती होईल. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रानडुकरांनी उभे पीक उद्ध्वस्त केल्यावर आणि नुकसानभरपाईसाठी खेटे घातल्यावर जमिनीला चांगला भाव देणारा माणूस दारात आला, तर तोही विकणारच. ज्या शेतातून वाघाने जावे असे आपल्याला वाटते, त्या शेताच्या मालकाला शेत शेतच ठेवण्याचा मोबदला मिळायला हवा, आणि तो पुलाच्या खर्चाच्या तुलनेत फारसा असणार नाही, असा माझा अंदाज आहे.

अशी सोय नसलेल्या रस्त्यांची आठवण ठेवली, तर या रस्त्याचे गुण अधिक नीट दिसतात. डिसेंबर २०१७ मध्ये बोर अभयारण्यातला बाजीराव नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधल्या जंगलात, मोटारीने उडवलेला वाघ पुढच्या पायांवर स्वतःला ओढत जात असल्याची चित्रफीत आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिली. या सगळ्यांना जमिनीवरूनच पलीकडे जायचे होते.

गुण द्यायचेच, तर वाहनचालकाच्या सोयीला पाचांपैकी साडेचार, पुलांच्या रचनेला चार, जखमी प्राण्यांच्या मदतीला अर्धा आणि पुलापलीकडच्या जमिनीच्या देखरेखीला शून्य. जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. मनसरच्या पुढे रात्री दहानंतर निघू नये. निघालाच, तर पुलांच्या मधल्या सपाट भागात वेग साठच्या वर नेऊ नये, कारण धोका पुलावर नसून तिथेच आहे. माकडांना केळी देऊ नयेत. चहा देवलापारच्या बाजारात घ्यावा, तिथे आल्याचा चांगला मिळतो आणि कप टाकायला डबाही आहे.

येत्या फेब्रुवारीत त्याच भाचीचे लग्न आहे. जावईबापूंनी खवासाजवळच्या एका रिसॉर्टची हिरवळ पाहून ठेवली होती. फाटकातून उभे राहिले, की समोर जंगल, आणि त्यांच्या दरपत्रकात आतषबाजी वेगळे पैसे न घेता समाविष्ट होती. मी दोनदा सिवनीला जाऊन वाद घातला, दुसऱ्या वेळी भाची माझ्या बाजूने बोलली आणि कार्य सिवनी शहरातल्या सभागृहात हलले. सभागृह अकरा हजारांनी महाग पडले आहे. ती रक्कम मी देणार आहे आणि माझ्या हिशेबात ती टोलच्याच रकान्यात लिहिली आहे.